काशव्वा आणि जुनं फ्रीविल

शिवाप्पा पडला तो पडला, आणि नेमका धनलक्ष्मीच्या इडलीच्या गाड्यासमोर पडला. माणसानं पडावं, पण जागा बघून तरी पडावं की नाही? सकाळी साडेसातचा टाइम, गाड्यापुढं दहा-बारा गिऱ्हाईकं, सगळी कारखान्यात निघालेली तरणी पोरं, सगळ्यांच्या हातात ताटल्या. शिवाप्पानं चढावर पायडलावर जोर दिला आणि पायडल सरळ खाली गेलं. साखळी जागेवर, चाक जागेवर, फक्त शिवाप्पा जागेवर नाही. गवताचा भारा एकीकडं, सायकल दुसरीकडं आणि मधे गटाराच्या काठाला पासष्ट वर्षांचा शिवाप्पा, मुंडासं सुटलेलं, कवळी हातात धरून बसलेला.

"अय्यो, शिवाप्पण्णा!" धनलक्ष्मी चटणीचा डाव घेऊनच धावली. "लागलं काय ओ? ती सायकल टाका की आता भंगारात! जिवाला स्वल्प तरी जपा."

शिवाप्पानं आधी कवळी धुतली, तोंडात बसवली, मग बोलला. "सायकल न्हाई पडली, म्या पडलो. सायकलीला नावं ठेवू नगं."

"सरी, बरं बरं. मग तुमालाच टाकू काय भंगारात?"

पोरं खो खो हसली. शिवाप्पानं भारा उचलला आणि सायकल हातात धरून घरची वाट धरली. चाक फिरायला लागलं तशी मागून आवाज आला, टक् टक्, टटक्. टक् टक्, टटक्.

हा आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा. बेंगळुराजवळच्या होसकोट्याच्या पुढं चार मैलांवर गाव. गाव म्हणायचं आपलं म्हणायला; चारी बाजूंनी प्लॉट पडलेत, दगड रोवलेत, फलक लागलेत, आणि त्या दगडांच्या मधे जे गवत उगवतं ते शिवाप्पा कापतो. चाळीस वर्षांमागं चिकोडीकडनं विटांच्या भट्टीवर कामाला आला, भट्टी बंद पडली, हा राहिला. बायको शालन राहिली. एक म्हैस राहिली. आणि राहिली ही सायकल, काळी, उंच, अस्सल विलायती, शालनच्या बापानं लग्नात दिलेली. त्यामुळं सायकल शिवाप्पाची असली तरी मान शालनचा, आणि ही गोष्ट शालननं त्याला एक दिवससुद्धा विसरू दिली नव्हती.

म्हशीचं नाव काशव्वा. शिवाप्पाच्या आईचं नावही काशव्वाच. सासू गेली, त्याच्या पुढच्या वर्षी शालननं दावणीसाठी बाजारात बघत बघत ही रेडी आणली आणि बारसं करून टाकलं. शिवाप्पानं विचारलं, हे गं काय? तर म्हणाली, "आत्याबाईंची आठवण नगं व्हय?" आणि तेव्हापासनं रोज सकाळी "सर गं काशव्वा, भवाने!" म्हणून पुठ्ठ्यावर एक चापट. शिवाप्पा काय बोलणार? म्हैसही हट्टी निघाली, अगदी नावाला जागली. शेवटचं रेडकू आठ दिवसांत गेलं, आणि काशव्वानं ठरवलं की आता कुणाला थेंब द्यायचा नाही. शालननं गोंजारलं, पेंड चारली, गूळ चारला. पान्हा नाही. पण शिवाप्पा गवत घेऊन दारात आला की ही मान वळवायची, हंबरायची, आणि सडांतनं धार आपोआप सुटायची.

"मला बघितलं की पान्हावती," शिवाप्पा गावभर सांगायचा. "माणूस वळखाय लागतंय जनावराला. हात ग्वाड असून भागत न्हाई, जीव ग्वाड पायजे."

हे ऐकून शालनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दूध काढणार ती, हात दुखणार तिचे आणि नाव ह्या बाप्याचं.

तर त्या दिवशी शिवाप्पा लंगडत घरी आला. शालननं गुडघ्याला हळद लावली आणि तोंडानं मीठ लावलं.

"माज्या बानं दिलेलं चाक तुमी मारलासा. कदी तेल घातलासा काय त्याला? सोताच्या टकल्याला घालतासा वाटीभर!"

"अगं, मागच्या चाकाचा हब गेलाय, मधला तुंबा. चाळीस वर्षं फिरलाय त्यो. तुज्या बानं दिल्याली म्हून काय झिजायची न्हाई व्हय?"

"मग दुरुस्त करून आणा. उद्या ट्रकाखाली गेलासा तर म्या काय करू?"

बोलली रागानं, पण डोळे भरून आले होते. शिवाप्पानं बघितलं आणि गुपचूप पाना शोधायला उठला.

गुरुवारी सकाळची धार झाल्यावर शिवाप्पानं चाक खोललं, खांद्याला अडकवलं आणि बेंगळुरात चामराजपेटेला निघाला. बसमधे कंडक्टर म्हणाला, चाकाचं तिकीट पडंल. शिवाप्पा म्हणाला, ह्याला कुठं बसाय जागा दिलास? तंटा मजेस्टिकच्या बसस्टँडपर्यंत पुरला. चामराजपेटेत एका बोळात योगीराज मिस्त्रीचं दुकान. योगीराज बीदरकडचा, जुन्या सायकलींचा डॉक्टर. साऱ्या बेंगळुरात चाळीस तारांच्या मागच्या चाकाचा हब मिळाला तर त्याच्याकडंच.

योगीराजनं चाक हातात घेतलं, आस धरून हलवला, कानाला लावून फिरवला. मग नट सोडले, आस बाहेर काढला, आणि काळ्या चिखलातनं छर्रे घरंगळले.

"बगा की मामा. छर्रे गोल तरी ऱ्हायलेत काय? आसावरचे हे कोन बगा, खड्डे पडलेत नुस्ते. हबाची वाटी बी खाल्लीय. हब नवा घालावा लागतंय."

"आन् पायडल निसटतंय त्ये?"

योगीराजनं दातेरी चक्र काढलं, खोललं. "हे तुमचं फ्रीविल. ह्याच्या आत दोन कुत्री असतेत. कुत्री म्हंजे हे बारके खटके. पायडल मारलं की दातात चावून धरतेत. तुमचं एक मरून पडलंय, दुसऱ्याचे दात पडलेत. कशाला धरतंय?"

"म्हातारपन सगळ्यास्नीच हाय," शिवाप्पा म्हणाला आणि नकळत कवळी नीट केली.

योगीराजनं चाळीस तारा सोडवल्या, नवा हब, नवा आस, नवे कोन, नवे छर्रे, नवं फ्रीविल. फ्रीविलात इतकं ग्रीस भरलं की चाक फिरवलं तर आवाज म्हणून नाही. शिवाप्पानं तोंडभर कौतुक केलं. आणि तिथंच घात झाला.

कारण दुकानात एक पोरगा बसला होता. सुशांत त्याचं नाव. मूळचा पुण्याचा, राहायला बेंगळुरात के. आर. पुरमला, कंपनीत कॉम्प्युटरपुढं काम, आणि डोक्यात जुन्या सायकलींचं खूळ. जुना हब बघून तो स्टुलावरून उठलाच.

"काका, हे ओरिजिनल आहे! स्टॅम्प बघा, इंग्लंडचा! माझ्याकडे सेम सायकल आहे, फक्त मागचा हब आणि फ्रीविल नाहीये. पुढच्या शनिवारी आमचं प्रदर्शन आहे. प्लीज, मला द्याल? नव्याचा सगळा खर्च मी करतो."

"आरं, त्ये मेल्यालं हाय. आत कुत्रं मेलंय."

"असू दे ना काका! मी फक्त हब नीट करून घेईन. फ्रीविल असंच हवंय. तो साउंड... तो कॅरेक्टर आहे."

शिवाप्पाला वाटलं, पोरगं जरा हललेलं दिसतंय. पण मेलेलं कुत्रं देऊन जितं मिळत असेल तर कोण नको म्हणेल? त्यानं जुना हब आणि फ्रीविल पोराच्या हातात दिलं, वर गावाचा पत्ता दिला. सायकलीची सगळी माहिती सांगतो, ये म्हणाला. शालनला विचारायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गुरुवारी घरी पोचायला रात्र झाली. शुक्रवारी पहाटे शिवाप्पा गवत घेऊन आला. सायकल हातात, लोण्यावरनं बोट फिरावं तशी चालली होती. काशव्वापुढं उभा राहिला. काशव्वानं वर बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली.

"काशव्वा, मी आलोय गं."

काशव्वानं शेपटी हलवली. माशी बसली होती म्हणून.

शालन हंडा घेऊन बसली, सड ओढले. थेंब नाही. "काय ओ, जीव ग्वाड हाय न्हवं तुमचा? आज काय साखर संपली?"

पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. सरकी चारली. शिवाप्पानं आंघोळ केली, मग वाटलं अंगाचा वास गेला म्हणून नसंल देत, तर गुरुवारची मळकी पैरण पुन्हा घातली. शनिवारी दुपारी जनावरांचा डॉक्टर आला, कास दाबून बघितली. काशव्वानं लाथ झाडली. डॉक्टर म्हणाला, "कास कडक व्हायलीय. दोन-तीन दिवसांत पान्हा आला नाही तर सड आंधळे होतील. मग ही म्हैस दुधाची राहात नाही." तो पिशवी उचलून गेला. दुधाची न राहिलेली म्हैस कुठं जाते हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी शालन जेवली नाही. तोंडानं भवानी म्हणायची, पण काशव्वाच्या गळ्याखाली हात घालून गोठ्यात बसून राहिली. शिवाप्पा उंबऱ्यावर बसला. त्याला म्हशीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर आत आणखी एक काटा होता. ज्या एका जीवानं त्याला आजवर बघून आनंद दाखवला होता, त्यानंही आता तोंड फिरवलं होतं.

रविवारी सकाळी सुशांत आला. मोटारीतनं नाही, सायकलीवरनं; टोपी, चष्मा, आखूड चड्डी. गावाच्या उतारावरनं पायडल न मारता तो सोडून दिल्यासारखा खाली आला, आणि अंगणात शिरायच्या आधी आवाज शिरला. टक् टक्, टटक्. टक् टक्, टटक्.

काशव्वा ताडकन उठली. मान वळवली. हंबरली. आणि चारी सडांतनं धारा लागल्या.

शालननं हातातला झाडू टाकला आणि हंड्याकडं धावली. शिवाप्पा मात्र जागच्या जागी थिजला. त्यानं आधी म्हशीकडं बघितलं, मग त्या आखूड चड्डीकडं.

"ह्याला बघून? ह्या उघड्या टांगांच्या पोराला बघून पान्हावली? काशव्वा, तुला लाज न्हाई?"

"काका, काय झालं?" सुशांत उतरून उभा राहिला, सायकल थांबली, आणि धार आटली.

"ए पोरा, थांबू नगंस!" शालन ओरडली. "चालीव! चालीव ती सायकल!"

पोरगं घाबरलं आणि अंगणात सायकल ढकलत गोल गोल फिरायला लागलं. टक् टक्, टटक्. धार सुरू. तो चिखलात अडखळला, धार बंद. पुन्हा ढकलली, पुन्हा सुरू. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर शिवाप्पाच्या टाळक्यात उजेड पडला. म्हैस त्याला बघून पान्हावत नव्हती. कधीच नव्हती. ती पान्हावत होती त्या दात पडलेल्या कुत्र्याला.

शालनलाही कळलं. दूध काढता काढता तिचा खांदा हलायला लागला. शिवाप्पाला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"जीव ग्वाड! अगं आई गं! माज्या बाची सायकल म्हून दूध देत हुती ती, आन् ह्ये गावभर मिरवायलेत!" मग एकदम थांबली. "पर त्ये ह्याच्याकडं कसं गेलं? माज्या बाचं चाक दिलासा कुणाला इचारून?"

शिवाप्पा काशव्वाच्या मागं सरकला. सुशांतनंच मध्यस्थी केली. "काकू, मी परत देतो. प्रॉमिस. पण शनिवारी प्रदर्शन आहे, माझं नाव लागलंय. रविवारी आणून देतो. तोपर्यंत ना, एक मिनिट, मी आवाज रेकॉर्ड करून देतो. सिंपल!"

त्यानं फोनवर आवाज भरला आणि फोन काशव्वाच्या कानाशी धरला. फोन टकटकला. काशव्वानं कान टवकारले. शालननं हंडा पुढं सरकवला. तेवढ्यात ऑफिसातनं फोन आला, पोराचं बोट लागून उचलला गेला आणि साहेब ठणठणीत आवाजात बोलला, "सुशांत, आर यू देअर? रिपोर्ट का क्या हुआ?" रविवारी! काशव्वानं चार पाय फाकले आणि त्या साहेबाच्या आवाजावर मनसोक्त मुतली. त्यानंतर फोन दिसला की ती शिंग उगारायला लागली.

"हिचं बी बराबर हाय," शिवाप्पा म्हणाला.

मग ठरलं असं की रविवारपर्यंत सुशांतनंच दोन्ही वेळा यायचं. पोरगं गुणाचं. सोमवारी आलं, मंगळवारी आलं, मोटारीच्या पाठीला सायकल बांधून, तांबारलेल्या डोळ्यांनी. अंगणात पंचवीस फेऱ्या मारायचं, पेलाभर दूध प्यायचं, जायचं. धनलक्ष्मी गाडा सोडून बघायला यायची. शिवाप्पा मात्र गोठ्याच्या मागं जाऊन बसायचा. आपल्या म्हशीचा परक्याच्या हातनं चाललेला संसार त्याला बघवत नव्हता.

बुधवारी पहाटे सुशांत आला नाही. सहा वाजले, सात वाजले. फोन लावला तर बंद. कास पुन्हा फुगली, काशव्वा पाय आपटायला लागली, फाटकाकडं बघून बघून हंबरायला लागली. शालननं तासभर वाट बघितली. मग पदरानं तोंड पुसलं आणि दयानंदला फोन केला. दयानंद जनावरांचा दलाल.

"कुणाला लावलास गं?" शिवाप्पानं विचारलं.

"टेम्पो बलावलाय. सड आंधळं हुयाच्या आदी दुधाची म्हून तरी कुनाच्या दावनीला लागंल. न्हाई तर कुटं जाईल ती? सांगा की, कुटं जाईल?" तिनं फोन कमरेला खोचला.

शिवाप्पा उठला. आपली सायकल घेतली आणि फाटकाबाहेर गेला. का गेला त्यालाच ठाऊक नव्हतं. रोजच्यासारखा वळून आत आला, सायकल हातात धरून, एक पाऊल, दुसरं पाऊल. नवं फ्रीविल मुकं. पण पावलं टाकता टाकता त्याची जीभ टाळूला लागली. इतकी वर्षं तो आवाज त्याच्या शेजारनं चालत होता. तो त्याच्या पावलांत बसला होता.

टिक् टिक्, टिटिक्.

काशव्वानं कान हलवला. बस, तेवढंच.

"काय करायलासा?" शालन म्हणाली.

"गप!"

टिक् टिक्. नाही. आवाज फार स्वच्छ येत होता, नव्या मालासारखा. शिवाप्पा थांबला, विचार केला, आणि एकाएकी त्यानं कवळी काढून खिशात टाकली. जीभ आता उघड्या हिरड्यांना लागली, मधल्या पोकळीत घसरली.

टक् टक्, टटक्.

काशव्वानं मान वळवली.

टक् टक्, टटक्. शिवाप्पा चालायला लागला, अंगणभर, गालफडं आत गेलेली, डोळे मिटलेले, ओठांतनं लाळ गळतेय. टक् टक्, टटक्. काशव्वा हंबरली, अगदी पोटातनं हंबरली, आणि हंड्यात धार वाजली. शालन दोन्ही हातांनी दूध काढत राहिली आणि डोळ्यांतनं पाणी गालावर येऊ दिलं. हंडा भरला, वर फेस आला.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. दयानंद दोर घेऊन उतरला आणि बघतो तर बोळक्या तोंडाचा एक म्हातारा सायकलीबरोबर टकटकत फेऱ्या घालतोय.

"अण्णाला काय झालंय ओ अक्का?"

"काय न्हाई," शालन म्हणाली. "म्हस इकायची न्हाई. तू जा."

"आणि अण्णा?"

"त्यास्नी घेतोस काय? बघ, पर ह्येनी चारा लई खात्यात."

दयानंद दोर गुंडाळून गेला. शिवाप्पानं ऐकलं सगळं, पण जीभ थांबवली नाही. गावात पुन्हा सांगायला झालं होतं आता, आणि ह्या वेळी खरं.

पुढचे दिवस शिवाप्पाच्या जिभेवर भागले, सुशांत आला तो रविवारी. बुधवारी साहेबानं अचानक ऑफिसात बोलावलं म्हणून तोंड पाडून दहा वेळा माफी मागितली. प्रदर्शनात त्याच्या सायकलीला बक्षीस मिळालं होतं. दिल्या शब्दाप्रमाणं हब आणि फ्रीविल त्यानं चकचकीत डब्यात घालून आणलं होतं.

शिवाप्पा कट्ट्यावर ऐसपैस बसला होता. "ठेव तुज्याजवळच. आमाला आता गरज न्हाई. काशव्वा मला बघूनच पान्हावती."

"दे रं पोरा हिकडं," शालन म्हणाली. डबा उघडला, फ्रीविल पदरानं पुसलं, बापाच्या आठवणीनं क्षणभर हातात धरलं, आणि गोठ्यात काशव्वाच्या डोक्यावरच्या खिळ्याला अडकवलं.

"अगं, म्या हाय की! त्ये कशाला आता?"

"तुमी हाय वो," शालन म्हणाली. "पर तुमचा माल जुना. एक स्पेअर असू दे घरात."

सुशांत हसला. शिवाप्पा वैतागला. इतकी मोठी कामगिरी करून माणसाला घरात हीच किंमत? त्यानं मान झटकली आणि वैतागून जीभ टाळूला लावली. कवळी खिशातच होती.

टक् टक्.

गोठ्यातनं हंबरडा आला.

"अवं, गप ऱ्हावा!" शालन हंड्याकडं धावता धावता ओरडली. "धार सुटली की तिची भुईवर!"